शेवटचा प्रश्न

पठारावरचा वारा कागद पळवतो
म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर चिऱ्याचा एक तुकडा.
दोनशे अकरा फॉर्म. नाव कुणाचंच नाही.
केंकरेबाईंनी सही घेतली होती आम्हा चौघांची:
अक्षर ओळखलं तरी ओळखायचं नाही.

मी आकडे भरतो.
सिगारेट, कधीतरी. बिअर, कधीतरी.
‘कधीतरी’ला कोड दोन.
एकाने तंबाखूच्या चौकटीत लिहिलंय, फक्त परीक्षेत.
एकीने दारूपुढे: पप्पांसमोर की पप्पांच्या मागे?
गांजाच्या रकान्यात कुणी नुसतं पान काढलंय,
करवती कडा, शिरांसकट, इतकं नीट
की वनस्पतीशास्त्रवालाच असणार.

पहिल्यांदा घेतलीत तेव्हा वय किती?
माझा स्वतःचा फॉर्म इथे अडलाय, चार दिवस.
सत्तरीत आमची काजूची भट्टी.
बोंडू तुडवून तुडवून पाय चिकट, मागे माश्या.
भाण चढलं की बाबा लांवणीच्या मडक्यावर
गार पाणी ओतत बसायचे.
त्यांनी नवस केलेला, स्वतः थेंब चाखायचे नाहीत,
म्हणून पहिली धार चमच्यात धरून माझ्या जिभेवर:
‘सांग रे, उतरली?’
सहा वर्षांचा असेन. की पाच?
मी तोंड वाकडं केलं की ते खूश व्हायचे.
त्याच हुर्राकाच्या कॅनांवर इथली माझी फी भरली गेली.
त्याला कोड नाही.

एकशे चौसष्टावा फॉर्म.
गांजा. गेल्या तीस दिवसांत किती दिवस?
27.
इंग्रजी सात, पोटातून आडवी रेघ गेलेला.
असा सात अख्ख्या हॉस्टेलात एकटाच काढतो,
लिस्बनहून आलेल्या मावशीने शिकवलेला.
आमच्या खोलीच्या भिंतीवर आहे तो, मेसच्या हिशेबात आहे,
मी त्याच्याकडून उसने घेतलेल्या सातशे रुपयांत आहे.

जोविटो. चांदरचा.
रात्री पाण्याच्या टाकीमागून येतो
निलगिरीची गोळी चघळत,
मला वास येऊ नये म्हणून
उशी फिरवून खिडकीकडे डोकं करतो.
आम्ही म्हणायचो, ‘पात्रांव आला टाकीवरून!’
तोही हसायचा.
मी धरून चाललो होतो, आठवड्यातून एकदा.
फार तर दोनदा.

शेवटचा प्रश्न: आणखी काही सांगायचं आहे?
बहुतेकांनी कोरं सोडलंय.
कुणी बांगडा काढलाय. कुणी,
लायब्ररीतला पंखा दुरुस्त करा.
त्याने लिहिलंय, कोंकणीत, रोमी लिपीत, बारीक:
डोळे मिटले की सगळं मोठ्याने ऐकू येतं.

मी 27 टाइप केलं.
पुढचा फॉर्म. सिगारेट, कधीतरी.

खोलीत दिवा नाही, पण तो जागा आहे.
‘किती झाले रे भरून?’
‘दोनशे अकरा.’
‘तुझा धरून?’
खिशात दोनशे बारावा टोचतो, चार घड्यांचा.
सही आठवते. बाईंचं पेन, निळी शाई.
‘बांबोळीला हॉस्पिटलसमोर
चहाचा गाडा रात्रभर असतो,’ मी म्हणतो. ‘येतोस?’
‘आत्ता? दीड वाजलाय.’
‘मलाही झोप येत नाही.’

तो उठून बसतो.
बराच वेळ काही बोलत नाही.
मीही नाही. तो एक ‘ही’
तोंडातून गेला तो गेला,
त्याला आता कुठल्या गठ्ठ्याखाली ठेवू?

मग तो पलंगाखाली हात घालून चपला शोधतो.
एक सापडते.
दुसरीसाठी मी मोबाइलचा उजेड धरतो.